विजययात्रेतील पराभूतांची बाजू

रोमन विजययात्रेवरील, म्हणजे युद्ध जिंकून आलेल्या सेनापतीच्या रोममधील मिरवणुकीवरील, तुमच्या लेखात तिच्यातील रथ, लूट आणि सेनापतीच्या माथ्यावरील लॉरेलचा मुकुट यांचे सुरेख वर्णन आले आहे. मात्र रथापुढे चालवल्या जाणाऱ्या कैद्यांचा विषय एकाच वाक्यात आटोपला, याची खंत वाटली. इ.स.पू. १६७ मध्ये रोमन सेनापती एमिलियस पॉलसने मॅसिडोनियाचा राजा पर्सियस याच्यावरील विजय तीन दिवस साजरा केला, आणि ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की पहिला अख्खा दिवस अडीचशे गाड्यांवरून आणलेले पुतळे व चित्रे मिरवण्यातच गेला. तिसऱ्या दिवशी पर्सियसची मुले समोर आली, तेव्हा आपल्यावर काय ओढवले आहे हे कळण्याचेही ज्यांचे वय नव्हते अशा त्या लेकरांना पाहून अनेक रोमन प्रेक्षकांना अश्रू आवरेनात आणि मागून चालणाऱ्या राजाकडे लोकांचे फारसे लक्षही गेले नाही. खुद्द पॉलसची घरी उरलेली दोन्ही मुले याच दिवसांत गेली: एक मिरवणुकीच्या पाच दिवस आधी, दुसरा तीन दिवसांनंतर. हा प्रसंग वाचताना मी दरवेळी थांबतो. गॉलचा (आजच्या फ्रान्सच्या प्रदेशाचा) नेता व्हर्सिंजेटोरिक्स मात्र वर्षानुवर्षे कैदेत राहिला आणि इ.स.पू. ४६ मध्ये सीझरच्या विजययात्रेत फिरवून झाल्यावर मारला गेला.