बारा व्होल्टांचा जावई

सासरे मुक्कामाला आलेले असताना जावयाने हातात ड्रिल घेऊ नये, असं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. त्यातून सासरे सांगलीकडे वीज मंडळात उभा जन्म काढून निवृत्त झालेले, आणि भोक पाडायचंय ते जिचे हप्ते अजून चालू आहेत त्या गाडीच्या भिंतीला, म्हणजे मग बोलायलाच नको.

गाडी म्हणजे आमची मोटरहोम, चाकांवरचं घर. इंग्लंडात राहून माणसाला एक तर बागकामाचं वेड लागतं, नाहीतर कॅम्पिंगचं. आमच्या दारात फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर बांधलेलं, जर्मनीहून सेकंडहँड आलेलं एक पांढरं धूड उभं असतं. युरोपातली असल्यामुळे तिचं दार उजव्या अंगाला, म्हणजे इथे रस्त्याच्या बाजूला. घाईघाईत उतरलं की थेट ट्रॅफिकमध्ये. दाराच्या वर ऑनिंग. दांडा गरागरा फिरवला की बाहेर येणारी कापडी पडवी. दिवसा तिच्याखाली बसून चहा आणि भजी झकास होतात. रात्री मात्र दारावरच्या मिणमिणत्या दिव्यात मीठ कुठलं नि साखर कुठली, हे चाखूनच ठरवावं लागायचं.

म्हणून ऑनिंगखाली एलईडी पट्टी लावायची ठरली. बायको म्हणाली, "रंग बदलणारी घे, रिमोटवाली."

"आपण कॅम्पिंगला जातोय, मिरवणुकीला नाही," मी म्हटलं आणि साधी वॉर्म व्हाइट मागवली. वर शास्त्रही सांगितलं की निळसर पांढऱ्या उजेडाला किडे जास्त भुलतात, पिवळसर उजेडावर कमी येतात. ते खरं आहे. पण बायकोच्या चेहऱ्यावरून तिला किडे चालले असते असं वाटलं.

खरा प्रश्न वायर बाहेर काढायचा. मोटरहोमची भिंत दिसते भक्कम, पण बाहेरून पातळ पत्रा किंवा फायबर, मध्ये थर्माकोलसारखा फोम आणि आतून प्लाय, सगळं मिळून साधारण ३० मिलिमीटर. एखाद्या भोकाचं सील नीट बसलं नाही तर तिथून पाणी शिरतं आणि वर्षानुवर्षं आतल्या आत लाकूड कुजवत बसतं. म्हणून जुनी मोटरहोम घेणारं गिऱ्हाईक इंजिन नंतर बघतं, आधी भिंतींना ओल मोजायचं मीटर लावत फिरतं. इथल्या कुठल्याही मोटरहोमवाल्यासमोर नुसतं 'डॅम्प' म्हणा, त्याचा चेहरा पडतो.

मी जागा मोजली. पेन्सिलने खूण केली. परत मोजली. चहा घेतला. परत मोजली. अण्णा, म्हणजे सासरे, खुर्ची टाकून बघत होते. अण्णांची पंचाईत अशी, की जावयाला तोंडावर 'चुकताय' म्हणायचं नाही, हा त्यांच्या पिढीचा कायदा. त्यामुळे जावई दोन हातांवर उभा असला तरी सूचना लेकीमार्फतच येणार.

"अगं, त्यांना म्हणावं, आहे त्या दिव्याला सप्लाय येतोच ना? तिथनंच घ्यावा की."

"अरे, अण्णा म्हणतायत..."

"ऐकलं."

कल्पना फक्कड होती. दारावरचा जुना दिवा उतरवायचा आणि त्याच्याच वायरींना जोड द्यायचा. भोक आधीपासूनच आहे, नवं पाडायला नको. मी ड्रिल खोक्यात ठेवलं आणि आयुष्य वाढल्यासारखं वाटलं. अण्णा मात्र एकाएकी गप्प झाले, मग खुदुखुदु हसायला लागले.

"सगळी नोकरी लोकांचे आकडे काढण्यात गेली," ते म्हणाले, "आणि आता जावईबापूंच्या गाडीवर मीच आकडा टाकायला लावतोय!"

पट्टी बसते अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत आणि पन्हळ चिकटते दुहेरी टेपने. टेपची अट अशी की पृष्ठभाग कोरडा हवा, स्पिरिटने पुसलेला हवा आणि हवेत किमान दहा अंशांची ऊब हवी. कोरडं, उबदार आणि मला सुट्टी, हे तिन्ही योग इंग्लंडात एका दिवशी जुळणं म्हणजे पत्रिकेतले छत्तीस गुण जुळणं. ते ऑगस्टात जुळले. मी स्टुलावर उभा राहून पन्हळ दाबून धरली. खालून अण्णा "जरा डावीकडे" असं स्टुलाकडे बघत म्हणाले, म्हणजे कायदा मोडला नाही.

बटण दाबलं. पट्टी लागली खरी, पण दाराकडे जेमतेम उजेड आणि पलीकडच्या टोकाला नुसता लालसर आळस. त्या क्षणी अण्णा खुर्चीतून उठले. लेक बाजूला, कायदा बाजूला.

"लो व्होल्टेज!" आवाजात जुना मित्र भेटल्याचा आनंद. "लाईनीच्या टोकाच्या गावाला हेच व्हायचं बघा. डीपीशेजारच्या शेतकऱ्याची मोटर फर्मास चालायची, आणि टोकाच्याची नुसतीच गुरगुरायची."

मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब झाला. पट्टी ४८ वॅटची. घरच्या २३० व्होल्टवर तिला ०.२ अँपिअर पुरले असते, बारा व्होल्टवर ४ लागतात. जवळजवळ वीसपट करंट, आणि वायर मूळच्या इवल्याशा दिव्यासाठी घातलेली, शिवणाच्या दोऱ्याएवढी. करंट जितका जास्त आणि वायर जितकी बारीक, तितके व्होल्ट वाटेतच गळतात. २३० मधला एखाददुसरा गळला तर कुणाला पत्ता लागत नाही; बारातले दोन गेले की दिवा मान टाकतो. "म्हणून तर लांबची लाईन अकरा हजारावर न्यायची," अण्णा म्हणाले. अकरा हजाराशी संसार केलेला माणूस बाराच्या आकड्यापुढे इतक्या गांभीर्याने वाकलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आकडा निघाला. तो अण्णांनी स्वतःच काढला, हात सरावाचा होता. फ्यूजच्या पेटीपासून वरच्या कपाटांमागून अडीच स्क्वेअर मिलिमीटरची जाड वायर ओढली, जुन्याच भोकातून बाहेर काढली, पट्टीला दोन्ही टोकांनी सप्लाय दिला आणि भोक सीलंटने बुजवलं. हे सीलंट पत्र्याला कितपत धरून राहील ते कळायला काही हिवाळे जावे लागतात. बोटांना किती धरतं ते लगेच कळलं.

"फ्यूज?" अण्णांनी विचारलं.

"पाच अँपिअरचा घातलाय."

त्यांनी तो उपसून, चष्मा वर करून, त्यावरचा आकडा वाचला. गावाकडे चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूज वायरीऐवजी जाडजूड तार कोंबलेली पाहून पाहून माणसाचा माणसावरचा विश्वास उडतो म्हणतात. शिवाय बारा व्होल्टचा झटका बसत नसला तरी बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला, की शेकडो अँपिअर धावतात आणि पाना जागच्या जागी वेल्ड होतो. हे मला त्या दिवशी लेकीमार्फत नव्हे, थेट सुनावण्यात आलं.

पट्टी आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी उजळली. उद्घाटनाला एक्समूरला जायचं ठरलं. नैर्ऋत्य इंग्लंडातला हा माळरानांचा, दऱ्यांचा प्रदेश. संध्याकाळी ऑनिंग उघडलं, पिठलं-भाकरी झाली, अंधार पडला आणि मी अण्णांच्या हस्ते बटण दाबवलं. त्यांना मीठ आणि साखर लांबूनही वेगळी दिसली.

पाचएक मिनिटांत शेजारच्या तंबूतले आजोबा आले. हातात लाल बॅटरी, गळ्यात दुर्बीण. इंग्रज माणूस तक्रारसुद्धा माफी मागून करतो. तीनदा 'सॉरी' म्हणून झाल्यावर मुद्दा बाहेर आला: एक्समूर हे २०११ सालापासून युरोपातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह आहे, लोक इथे अंधारासाठीच येतात, त्यातून आज ययाती उल्कावर्षावाची रात्र, आणि डोळे काळोखाला सरावायला अर्धा तास लागतो. आमच्यामुळे त्यांचा तो अर्धा तास फुकट गेला होता.

मी घाईघाईने बटण बंद केलं.

"लाईट कधी येणार म्हणून रात्री-बेरात्री लोकांनी झोपेतनं उठवलंय मला," काळोखातून अण्णांचा आवाज आला. "लाईट घालवा म्हणून आलेला हा पहिलाच."

"त्यांच्याकडे लाल बॅटरी होती, बघितलंस?" हा बायकोचा आवाज. "लाल उजेडाने डोळ्यांना त्रास होत नाही. रंग बदलणारी घेतली असतीस, तर आपणही लाल करून बसलो असतो."

मी काही बोललो नाही. अण्णाच म्हणाले, "अगं, त्यांना म्हणावं, नाही घेतली तेच बरं. लाल दिव्याची गाडी २०१७ पासून मंत्र्यांनासुद्धा मिळत नाही."