‘दोन दिवसांचं काम, लागले सहा’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय काल रात्री वाचला. जुनी सबव्हर्जन रेपॉझिटरी, म्हणजे फाइलींचा त्यांच्या सगळ्या बदलांसकटचा साठा, गिट या दुसऱ्या प्रणालीवर आणायला दिली, दोन दिवस सांगून सहा लावले आणि वर फाइलींची नावं बिघडवून दिली, नावांच्या जागी आकडे दिसतात, असं तुम्ही लिहिलं आहे.

आधी आमची चूक. तयार काम तुमच्या हाती दिल्यावर तुमच्या सहकाऱ्याच्या मॅकवर ९ फाइली कितीही वेळा क्लोन केलं, म्हणजे साठ्याची प्रत उतरवून घेतली, तरी ‘अनट्रॅक्ड’ (गिटच्या नोंदीत नसलेल्या) दिसत राहिल्या. एक जुनी ब्रँच (साठ्यातली बदलांची वेगळी शाखा) आमच्या तपासणीतून सुटली होती. कळवलंत त्याच दुपारी ती सरळ करून दिली, पण मुळात ती तशी तुमच्या हातात पडायलाच नको होती. मनापासून माफी मागतो.

आता ते सहा दिवस. हे वाक्य फार लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काम घेण्याआधी आम्ही प्रश्नांचा एक कागद पाठवतो. त्यातला तिसरा प्रश्न: फाइलींच्या नावांत इंग्रजीखेरीज दुसरी अक्षरं आहेत का? तुम्ही ‘नाही’ लिहिलंत. दोन दिवस आम्ही त्या ‘नाही’वर सांगितले होते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रूपांतर खरोखरच पूर्ण झालं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी जुनं-नवं ताडून पाहताना मराठी नावांच्या १३७ फाइली निघाल्या. इतक्या वर्षांच्या रेपॉझिटरीत कुणी काय ठेवलंय हे तुम्हाला तोंडपाठ नसणार, ते मी समजू शकतो. पण मग घड्याळ आमच्याच नावावर का लावायचं?

त्या १३७ मध्ये ‘कर्मचाऱ्यांची यादी’ नावाच्या तीन फाइली एकाच फोल्डरमध्ये होत्या. तीन! पडद्यावर तिन्ही नावं हुबेहूब एक. फरक फक्त ‘ऱ्या’मध्ये. विंडोजवरून आलेल्या फाइलीत ‘ऱ’ हे एकच जोडलेलं चिन्ह होतं, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट. मॅकवरून आलेल्या फाइलीत तेच अक्षर ‘र’ आणि खालचा नुक्ता असं सुटं, म्हणजे ६ बाइट, कारण मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं सुटी करूनच साठवायची. तिसरी फाइल कुणीतरी वेगळ्या कीबोर्डवरून टाकलेली, तिच्यात साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचं जोडचिन्ह. सबव्हर्जन नावं यूटीएफ-८ मध्ये ठेवतं खरं, पण ही रूपं एकसारखी करून घेत नाही. गिटसाठी तर नाव म्हणजे नुसती बाइटची माळ. त्यामुळे दोघांच्याही लेखी या तीन वेगळ्या फाइली होत्या, आणि तिन्हींत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे बदल केलेले होते.

लिनक्सवर आणि विंडोजवर त्या शेजारी शेजारी नांदतात. मॅकवर नाही. मॅकची २०१७ नंतरची फाइल सिस्टिम, एपीएफएस, नाव दिलं तसं ठेवते, पण जोडलेलं आणि सुटं रूप एकच मानते. म्हणजे चेकआउट करताना, साठ्यातून फाइली डिस्कवर उतरवताना, पहिल्या दोनपैकी एकच फाइल शिल्लक राहिली असती. गिटमध्ये २०१२ पासून, १.७.१२ या आवृत्तीपासून, मॅकसाठी कोअर.प्रीकंपोजयुनिकोड ही सोय आहे. ती मॅककडून येणारी सुटी नावं जोडून घेते, पण इतिहासात आधीच सुटं पडलेलं नाव काही बदलत नाही. तुमच्या त्या ९ फाइलींचं दुखणं नेमकं हेच होतं. जॉइनरवाल्या नावाला तर तीही लागू पडत नाही, कारण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेताच्या, नियमांत ती दोन रूपं समान धरलेलीच नाहीत. तशी नावं आम्ही बाइट उघडून एकेक तपासली.

शिवाय ४ नावं इतकी लांब होती की लिनक्सवर चेकआउट अडत होतं. तिथे नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना-मात्राही वेगळं चिन्ह म्हणून मोजली जाते, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर तीच नावं सुखाने बसलेली होती.

या सगळ्याची यादी करून तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तुम्हाला पाठवली आणि विचारलं, तीनपैकी खरी यादी कोणती? उत्तर पाचव्या दिवशी दुपारी आलं. हे तुमच्या अभिप्रायात नाही. एक फाइल ठेवून बाकीच्या टाकल्या असत्या तर तिसऱ्याच दिवशी मोकळे झालो असतो, तुम्हाला पत्ताही लागला नसता. पण कर्मचाऱ्यांची कोणती यादी खरी हे ठरवणारा मी कोण? बरं, आधी सोपवून मग नावं सुधारू म्हटलं तर तेही परवडत नाही. गिटच्या जुन्या कमिटमधलं (बदलाच्या नोंदीतलं) नाव बदललं की तिथून पुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, बदलतो, आणि तोवर तुमच्या लोकांनी घेतलेले सगळे क्लोन वाया जातात. म्हणून उत्तर आल्यावर रूपांतर मुळापासून पुन्हा चालवलं, रात्रभर. सहाव्या दिवशी तपासून दिलं. दुसऱ्या फेरीचे जादा पैसे मागितले नाहीत.

राहिलं ‘नावांच्या जागी आकडे दिसतात’. नावं आत शाबूत आहेत. गिट स्टेटस या फाइलींची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेत इंग्रजीपलीकडचे बाइट मूळ सेटिंगनुसार आकड्यांत छापले जातात, म्हणून ‘क’च्या जागी ३४०, २४४, २२५ दिसतं. कोअर.कोटपाथ हे सेटिंग ‘फॉल्स’ केलं की मराठी नाव वाचता येतं. सोबत दिलेल्या टिपणात हे पहिल्याच पानावर होतं, तरी फोन करून सांगायला हवं होतं, हे मान्य.

आम्ही दोघंच हे काम करतो. नवा माणूस येतो तो हे अभिप्राय वाचूनच, आणि ‘नावं बिघडवून दिली’ हे वाचल्यावर तो कशाला येईल? पुढच्या कामापासून तिसरा प्रश्न विचारत बसणार नाही, नावांची यादी आम्हीच आधी काढू आणि मगच दिवस सांगू. ब्रँचच्या तपासणीतही सुधारणा करतो आहोत.

तुम्ही निवडली नाहीत त्या दोन्ही याद्या टाकलेल्या नाहीत. नावापुढे ‘जुनी १’ आणि ‘जुनी २’ लावून त्यांच्या सगळ्या बदलांसह त्याच फोल्डरमध्ये आहेत. त्यातलं काही हवं असेल तर फोन करा, कोणत्या कमिटमध्ये कुणी काय बदललं ते काढून देतो.