'अनामिक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

अहो अनामिक साहेब (की बाई? नाव लावलं असतंत तर कळलं असतं), अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या 2022 च्या संसद निवडणुकीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "उमेदवाराने पैसे मोजून करवून घेतलेला पोल म्हणजे मामाने लिहिलेला मुलीचा बायोडेटा. घरबसल्या आकडेतज्ज्ञांनी त्यावर लेख पाडू नयेत." मामाचं जमलंय, हसलो मी. पण घरबसल्या?

पुण्यात तीन वर्षं सर्व्हेचे फॉर्म भरून घेत फिरलोय मी, भर दुपारी, कोथरूड ते हडपसर, आणि लोक साखळी लावूनच दार उघडून "साहेब झोपलेत" सांगायचे, तेव्हा कोण खोटं बोलतंय आणि जे दारच उघडत नाहीत ते कोण, हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. आणि हो, लेख घरी बसूनच लिहिला, मग काय रिक्षात बसून लिहू?

आता तुमचे मामा. डेमोक्रॅट उमेदवार ॲडम फ्रिशसाठी कीटिंग रिसर्च या सर्व्हे कंपनीने ऑक्टोबरात केलेला पोल होता, रिपब्लिकन खासदार लॉरेन बोबर्ट 47 टक्के, फ्रिश 45. म्हणजे मामांनी स्वतःचीच मुलगी दोनने मागे दाखवली! तो जिंकणार असं मी कुठे म्हटलं? मी इतकंच म्हटलं की पहिल्या टर्मची खासदार, जिला मतदारसंघातलं पोरगंही ओळखतं, 2020 ला सहा टक्क्यांनी आलेली, ती 47 वर अडकते तर काहीतरी शिजतंय. पाचशे लोकांच्या पोलमध्ये प्रत्येक आकडा 4.4 टक्के इकडेतिकडे होतो आणि दोघांमधला फरक तर जवळजवळ त्याच्या दुप्पट, हेही लेखात होतं, तुम्ही तिथवर पोचला नसाल. निवडणुकांचे अंदाज बांधणाऱ्या फाइव्हथर्टीएट साइटचं मॉडेल बोबर्टला जिंकायची शंभरात 97 शक्यता देत होतं. आली किती मतांनी? 546. सव्वातीन लाखांवर मतांत 546, रिकाउंट करावा लागला! तेव्हा हे सगळे आकडेतज्ज्ञ कुठे बसले होते, घरीच ना?

एक मात्र मान्य, ॲस्पेनला मी "मतदारसंघातलं मोठं शहर" म्हटलं ते चुकलं, मोठी शहरं ग्रँड जंक्शन आणि प्युएब्लो. दुरुस्त केलंय, थँक्यू.

बाकी "गैरसोयीचे पोल उमेदवार बाहेर येऊच देत नाहीत", "एका पोलवर काय ठरतं" वगैरे, असेल हो, त्यावर पुन्हा कधीतरी. पुढची कमेंट नावासकट टाका, नाहीतर अप्रूव्ह करणार नाही.