गोमुख मागे सरकलं, तरी ते वाक्य मी काढणार नाही

नमस्कार काकाजी,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि रागात लिहिलेली आहे, म्हणून खाली दोन ओळी खरडण्याऐवजी वेगळी नोंदच लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या संपल्या तरी पाटण्याची गंगा कोरडी पडणार नाही. काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी १९८८ साली गोमुख, म्हणजे गंगेचा उगम असलेल्या गंगोत्री हिमनदीचं तोंड, पाहिलं, २०१९ मध्ये पुन्हा पाहिलं, आणि बर्फाचं तोंड कुठल्या कुठे गेलंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्यांच्या मते माझं वाक्य म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, हवामान बदल थोतांड आहे म्हणणाऱ्यांना आयतं हत्यार. शिवाय हिमालयाच्या वायव्येकडच्या काराकोरम रांगेतल्या हिमनद्या टिकून आहेत असं मीच लिहितो, म्हणजे शास्त्रज्ञ तरी खोटे नाहीतर मी. हिमालय हिरवा होतोय हे मी लपवलं. आणि शेवटी, आपण नागपूरकर, पेंच नदीचं पाणी पिणारी माणसं, आपल्याला त्या बर्फाचं काय? ते वाक्य काढून टाका, असा त्यांचा आदेश आहे.

वाक्य काढत नाही. का, ते सांगतो.

गोमुखाला तुम्ही जे पाहिलंत ते खरंच आहे. गंगोत्री हिमनदी साधारण ३० किलोमीटर लांब, आणि १९३५ पासूनच्या मोजमापांत तिचं तोंड सरासरी वर्षाला २० मीटरच्या आसपास मागे सरकत आलंय. आता कुणी नुसता भागाकार केला तर उत्तर येतं दीड हजार वर्षं, आणि तो माणूस चादर ओढून झोपून जाईल. तो भागाकार चूक आहे. पण गोमुख मागे गेलं म्हणजे गंगा संपली, हा निष्कर्षही त्याच कारणाने चूक आहे. हिमनदीचं तोंड लगेच डोळ्यांत भरतं, म्हणून सगळे त्याचेच फोटो काढतात. तिची खरी तब्येत कळते ती जाडीवरून. तोंड जागच्या जागी असतानाही वरचा बर्फ वर्षानुवर्षं खचत राहू शकतो.

गूगल अर्थवर गंगोत्री उघडून बघा. खालचे कित्येक किलोमीटर ती पांढरी दिसतच नाही, करडी दिसते. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून कोसळलेल्या दगडगोट्यांचा थर तिच्या अंगावर आहे. आपल्याकडे मे महिन्यात बर्फाच्या लाद्या उतरवल्या की त्यांवर लाकडाचा भुसा आणि पोतं टाकतात, तसंच काम हा थर करतो, पण तो जाड असेल तरच. नुसती काळपट धूळ बसली असेल तर गोष्ट उलटते. ती ऊन शोषते आणि खालचा बर्फ आणखी लवकर वितळतो. त्यातही मध्येच बर्फ फाटून उघडे कडे आणि छोटी तळी तयार होतात, तिथे झीज जोरात असते. म्हणजे एकाच हिमनदीच्या अंगावर शंभर पावलांच्या अंतरात दोन वेगळे हिशेब चालू असतात, आणि त्यातला एकही तोंडाच्या फोटोत येत नाही.

म्हणून जाडी मोजतात. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांनी १९७०च्या दशकात हिमालयाचे फोटो काढून ठेवले होते. त्यांच्याशी अलीकडची मोजमापं ताडून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ६५० हिमनद्या, आणि निष्कर्ष असा की २००० नंतरची झीज त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट. सरासरीने दरवर्षी जवळपास अर्धा मीटर जाडी. गोमुखाच्या २० मीटरपेक्षा मला या अर्ध्या मीटरची जास्त भीती वाटते, कारण तो हिमनदीच्या सगळ्या अंगावरून जातोय. तेव्हा बर्फ वितळत नाही असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

पण गंगेचं पाणी म्हणजे गंगोत्रीचं पाणी नव्हे. तुम्ही पाटबंधाऱ्यातले, तुम्हाला हे मी सांगायचं म्हणजे अतिच झालं, तरी लिहितो. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात, तोवर बर्फाचा वाटा मोठा आहे. हरिद्वारला १८५४ पासून वरचा गंगा कालवा पाणी उचलतो. पुढे यमुना, घाघरा, गंडक, कोसी येऊन मिळतात. चंबळ आणि बेतवा यमुनेतून येतात, त्यांना बर्फ ठाऊकच नाही. आणि पाटण्याच्या अलीकडे येते सोन, जी उगम पावते अमरकंटकला, म्हणजे आपल्याच बाजूच्या डोंगरात. गंगेच्या खोऱ्यात पाणी भरतो तो मुख्यतः मोसमी पाऊस. हिमनद्या सर्वांत जास्त वितळतात जुलै-ऑगस्टमध्ये, नेमक्या भर पुरात. मे महिन्यात मैदानातली गंगा वाहते त्यात जमिनीतून पाझरलेल्या पाण्याचा मोठा हात असतो, आणि ते पाणी उत्तर प्रदेश-बिहारातल्या बोअरवेल उपसतायत. वाराणसीला उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं तर आधी त्या बोअरवेलकडे आणि कालव्यांकडे बघा. हिमनदीवर खापर फोडलं की हे दोघं सुटतात.

आता कोलीताबद्दल. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाच्या) २००७च्या अहवालात छापलं गेलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. २००९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे (यांचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे) माजी उपमहासंचालक विजयकुमार रैना यांचा अहवाल केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला. त्यात हिमनद्या इतक्या झपाट्याने चालल्यात असं दिसत नाही, असं म्हटलं होतं. मोठा वाद झाला, रैनांची टवाळी झाली, आणि जानेवारी २०१० मध्ये २०३५चा तो मजकूर मागे घ्यावा लागला. रैनांचं सगळंच बरोबर होतं असं नाही; नंतरची मोजमापं त्यांच्यापेक्षा बरीच चिंताजनक आली. पण हवामान बदल थोतांड आहे म्हणणारे आजही कोणता दाखला देतात? हाच २०३५चा. कोलीत दिलं ते अतिशयोक्तीने.

काराकोरमकडे येऊ. "एक तर ते खोटे नाहीतर तुम्ही" हे वाचून हसू आलं, राग मानू नका. दोन्ही खरं आहे, कारण बर्फ पडतो कधी यावर सगळं आहे. काराकोरमात आणि पश्चिम हिमालयात मुख्य बर्फ हिवाळ्यात पडतो. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात तो आणतात. तिथली उंची इतकी आणि तेव्हाची थंडी इतकी, की तापमान अंशभर वाढलं तरी पडतो तो बर्फच. नेपाळपासून पूर्वेकडे मात्र हिमनद्यांचं पोषण पावसाळ्यातच होतं, आणि वितळण्याचा मोसमही तोच. तिथे तापमान थोडं चढलं की काल जो बर्फ पडला असता तो आज पाऊस होऊन पडतो. म्हणजे नवी भर थांबली, वर ताज्या पांढऱ्या थराने परतवून लावलेलं ऊन आता जुना मळका बर्फ पिऊ लागला. एका कारणाचा दुहेरी फटका. गढवालला हिवाळ्यातलंही मिळतं आणि पावसाळ्यातलंही, म्हणून गंगोत्री या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते. काराकोरमचं हे वेगळेपण केनेथ ह्यूइट या भूगोलतज्ज्ञाने २००५ मध्ये मांडलं आणि नंतर मोजमापांनी ते पुष्कळसं खरं ठरवलं. अलीकडच्या वर्षांत तिथेही झीज दिसू लागली आहे, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबू नका.

ज्याला खरोखर फटका बसणार त्याच्याविषयी तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्द नाही, आणि माझी तक्रार आहे ती ही. २०१० साली डच संशोधकांनी केलेल्या हिशेबात बर्फ आणि हिमनद्या दोन्ही धरून वितळलेलं पाणी सिंधूच्या सखल भागात स्वतः तयार होणाऱ्या प्रवाहाच्या दीडपट निघालं. ब्रह्मपुत्रेत हाच आकडा २७ टक्के, आणि गंगेत १०. सिंधूच्या खाली वाळवंट आहे, पावसाचा आधार नाही, आणि सगळी शेती कालव्यांवर. पाटणा आणि सिंध यांना एकाच वाक्यात बसवलं की सिंधचं दुखणं पाटण्याच्या पुरात वाहून जातं.

त्याहून जवळचं बघायचं तर लडाख. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. आपल्या नागपुरात हजाराच्या वर होतो. तिथल्या गव्हा-जवाला पाणी लागतं एप्रिल-मे मध्ये, आणि उंचावरची हिमनदी तेव्हा गोठलेलीच असते. ती सुटते जूनच्या पुढे. छेवांग नोर्फेल हे तुमच्यासारखेच सरकारी खात्यातले स्थापत्य अभियंता. त्यांनी काय केलं, तर हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गावाच्या वरच्या, सावलीतल्या उतारावर वळवलं, तिथे दगडी बांधांच्या ओळी घातल्या, आणि पाणी थराथराने गोठू दिलं. गावापासून फार उंच नसल्याने हा बर्फ नेमका पेरणीच्या वेळी वितळतो. सिमेंट नाही, पंप नाही. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप त्याच विचाराचं पुढचं रूप. हे उपाय गाव तारतात, सिंधू तारत नाहीत, हेही स्पष्ट असू द्या. आणि उत्तराखंडातली बहुतेक खेडी तर हिमनदीचं पाणी पीतच नाहीत. नदी खाली खोल दरीत, गाव वर उतारावर. ती जगतात झऱ्यांवर. नीती आयोगाच्या २०१८च्या अहवालानुसार हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटत चाललेत. तिथे प्रश्न पावसाचा, रस्त्यांसाठी फोडलेल्या डोंगरांचा, आणि बांजाच्या जंगलाचा आहे. बांज म्हणजे तिकडचा ओक. त्याच्याखाली पानांचा जाड, ओला थर राहतो. त्याची जागा चीडने, म्हणजे पाइनने, घेतली की जमिनीवर नुसत्या कोरड्या सुया, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, आणि मे महिन्यात त्याच वणवा पेटवतात.

यावरून तुमचा हिरवळीचा मुद्दा. उपग्रहांना हिरवळ वाढलेली दिसते, खरं आहे. १९९३ ते २०१८ च्या चित्रांवरून ४,१५० ते ६,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात ती वाढल्याचं दिसलं. पण ती आहे गवत, शेवाळं आणि खुरट्या झुडपांची. जंगल वर चढलं, असं तिचा अर्थ लावू नका. वृक्षरेषेवरचं (जिच्या वर झाडं उगवत नाहीत ती रेषा) भोजपत्राचं झाड तुम्ही गोमुखाच्या वाटेवर पाहिलंच असेल. बर्फाच्या दाबाने बुंधा आधी उताराकडे वाकलेला आणि मग वर वळलेला, साल पातळ पापुद्र्यांची, आतून गुलाबीसर, तिच्यावर आडव्या बारीक रेघा. उष्णता वाढली की हे झाड वर सरकेल असं कुणालाही वाटेल. नेपाळमधल्या भोजपत्रांच्या खोडांतली वर्तुळं मोजली तेव्हा दिसलं की त्याची वाढ अडते ती मार्च ते मे मधल्या कोरडेपणाने. उन्हाळा तापला आणि तेव्हाचा ओलावा गेला, तर वर जागा असूनही रोप तग धरत नाही. गवत वर चढतं, झाड अडकून पडतं. यात आनंद मानण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

राहता राहिलं पेंच. पेंचवरच्या तोतलाडोह धरणात बर्फाचा थेंब येत नाही, एकदम मान्य. पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि सगळं पाणी गोदावरीकडे. हिमालयाशी देणंघेणं नाही. पण जे पश्चिमी झंझावात काराकोरमात बर्फ टाकतात, त्यांच्यासोबत येणारी वरची थंड हवा फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी मध्य भारतापर्यंत खाली उतरते. खालून समुद्राकडची दमट हवा आली की दोघांच्या भेटीत गारा होतात. आंबिया बहाराचा फुलोरा किंवा नुकती धरलेली फळं तेव्हाच झाडावर असतात. तुमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे असं तुम्हीच लिहिलंत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीने तिथे काय झालं होतं, ते पुढच्या प्रतिक्रियेत जरूर लिहा.