बॅक्टेरिओस्टॅटिक पाणी ‘कुणालाही चालते’ हे खरे नाही

“इंजेक्शनची पावडर विरघळवायला साध्या निर्जंतुक पाण्यापेक्षा बॅक्टेरिओस्टॅटिक पाणी केव्हाही चांगले, त्यात जंतू मरतात, एकच व्हायल (औषधाची छोटी बाटली) संपेपर्यंत पुरते आणि ते लहानमोठ्या कुणालाही चालते,” असा मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. तो खोडून काढायलाच हवा, कारण त्यातल्या शेवटच्या समजुतीपायी तान्ह्या बाळांचे जीव गेलेले आहेत.

या पाण्यात सहसा मिलिलिटरमागे 9 मिलिग्रॅम बेन्झिल अल्कोहोल असते. हे संरक्षक, म्हणजे पाणी टिकावे म्हणून घातलेले रसायन, जिवाणूंची वाढ रोखते. हिपॅटायटिस बी किंवा सीच्या विषाणूंपासून मात्र ते संरक्षण देत नाही. त्यामुळे एका रुग्णासाठी वापरलेली सिरिंज, सुई बदलून का होईना, पुन्हा त्याच व्हायलच्या रबरी बुचात खुपसली, तर पुढच्या प्रत्येक रुग्णाला धोका संभवतो.

‘संपेपर्यंत’ ही मुदत नव्हे. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल, तर बूच प्रथम टोचल्यापासून 28 दिवसांनी उरलेले पाणी टाकून द्यायचे असते, आणि म्हणूनच ती तारीख लेबलवर लिहिणे आवश्यक आहे.

आता बाळांविषयी. अमेरिकेत 1982 मध्ये 16 नवजात बालकांचे मृत्यू बेन्झिल अल्कोहोलशी जोडले गेले. अतिशय कमी वजनाच्या या बाळांच्या रक्तवाहिन्यांत बसवलेल्या नळ्या धुण्यासाठी आणि औषधे पातळ करण्यासाठी हे संरक्षक घातलेले सलाइन व पाणी वापरले जात होते. मोठ्यांच्या शरीरात बेन्झिल अल्कोहोलचे बेंझोइक आम्ल होते, यकृत त्याचे हिप्युरिक आम्ल बनवते आणि ते लघवीवाटे निघून जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या यकृताला हे पुरेसे जमत नाही, आम्ल रक्तात साठत जाते आणि बाळ धापा टाकू लागते. आजारी पडलेल्या बाळांना दिवसाला किलोमागे 99 ते 234 मिलिग्रॅम बेन्झिल अल्कोहोल मिळाल्याची नोंद आहे. एक किलोच्या बाळाला 99 मिलिग्रॅम पोहोचायला असे 11 मिलिलिटर पाणी पुरते, म्हणजे दहाच्या एका सिरिंजपेक्षा थोडेसेच अधिक! नवजात बाळांसाठी आणि कोणत्याही वयात मणक्यात द्यायच्या औषधांसाठी हे पाणी वापरायचे नसते.

‘केव्हाही चांगले’ हेही टिकत नाही. कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅबच्या 440 मिलिग्रॅमच्या व्हायलसोबत संरक्षक घातलेले पाणी मिळते, कारण ती व्हायल अनेक डोसांना पुरवायची असते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसोबत येते ते एकदाच वापरायचे साधे निर्जंतुक पाणी. बेन्झिल अल्कोहोलची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णासाठी तर ट्रास्टुझुमॅबदेखील साध्या निर्जंतुक पाण्यातच विरघळवतात, त्यातून एकच डोस घेतात आणि उरलेले महागडे औषध टाकून देतात.