छत्रीसकट ११३ किलोमीटर

"पैशे भरून बुडूक कोण जाता रे?" आईनं विचारलं, तेव्हा मी पणजीच्या मिरामार किनाऱ्याच्या नकाशावर लाल पेनानं रेघा ओढत होतो. मी तिला समजावलं. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांत. आई निवृत्त शिक्षिका. समोर आकडे पडले की तिला बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. "११३. म्हणजे सावंतवाडीक जावन येवचा. त्याका कदंबाची गाडी आसा."

आयर्नमन नावाच्या या प्रकाराचा उगमही असाच रिकामटेकड्या वादातला. धावणारे जास्त दमदार की पोहणारे की सायकलवाले, यावरून हवाईत काही मंडळींची जुंपली. आपल्याकडे असा वाद झाला तर दोन चहा जास्त लागतात, एखादा माणूस दिवाळीपर्यंत बोलत नाही, संपलं. त्यांनी तिन्ही गोष्टी एका दिवशी एकापाठोपाठ करून बघायचं ठरवलं. १९७८ साली १५ जण निघाले, १२ पोचले. आमची शर्यत त्याच्या निम्म्या अंतराची होती, हे मी ऑफिसात कुणालाही सांगितलं नव्हतं.

वर्षभर सराव केला. पहाटे साडेपाचला ताळगावातून कार्बनची सायकल घेऊन निघायचो. ती सायकल माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग आहे (बायकोला मी तिसराच आकडा सांगितलाय). एका चढावर मी जिभेनं रस्ता पुसत असताना मागून "पों पों" आलं आणि आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, मागच्या टोपलीत शंभरेक उंडे (गोल पाव) घेऊन शांतपणे पुढे निघून गेला. जाता जाता म्हणाला, "पात्रांव, इतली म्हारग सायकल आनी घांट ना?" त्या दिवसानंतर मी रस्ता बदलला.

शर्यत ऑक्टोबरातल्या रविवारी. आदल्या रात्री परतीच्या पावसानं ठरवलं की आपल्यालाही भाग घ्यायचाय. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आणि माझ्या पोटातही तोच. पहाटे चारला आईनं हातात छत्री दिली. काळी, लाकडी मुठीची, वडिलांची. "आई, मी पोहायला चाललोय." "मगे? पाण्यात जाईसर भिजशीत मां?"

छत्री घरी ठेवून मी निघालो.

मिरामारला मांडवी समुद्राला मिळते. पावसाच्या दिवसांत तिथलं पाणी टपरीवरच्या कडक चहासारखं दिसतं. मी पोहणं शिकलो कांपालच्या तलावात, जिथे तळाशी काळी रेघ असते आणि ती आयुष्याला दिशा देते. इथे रेघ नाही, तळ नाही, आणि लाट उचलते तेव्हाच काय तो खुणेचा तरंगता नारिंगी बोया दिसतो. पुढे एक पिवळी टोपी जात होती, मी तिच्यामागे लागलो. पाचेक मिनिटांनी टोपी थांबली, वळली आणि दमून म्हणाली, "बोया खय रे?" ती माझ्यामागे येत होती म्हणे. कोण कुणाच्या मागे होतं याचा निकाल आजही लागलेला नाही. १ तास १० मिनिटांची मुदत होती. मी ६७व्या मिनिटाला वाळूवर आलो. धावत नव्हे. लाटेनं आणून टाकला.

आता बूट. मी हुशारी करून आदल्या दिवशीच सायकलच्या बुटांत टाल्कम पावडर भरपूर मारून ठेवली होती, ओले पाय पटकन सरकावेत म्हणून. रात्रभर बूट उघड्यावर, तोंड आभाळाकडे. पाय घातला तर आत घावनाचं पीठ. पातळ, चांगलं भिजलेलं, फक्त तवा हवा होता. पुढचे ९० किलोमीटर प्रत्येक पायडलला बुटातून "पच्" असा आवाज येत होता.

सायकलीबद्दल फार सांगत नाही, कारण मला फार दिसलंच नाही. चष्म्यावर पाणी, चष्म्याच्या आत वाफ. नियम असा की पुढच्याच्या आडोशानं चालवायची नाही, १२ मीटर अंतर ठेवायचं. माझ्या पुढे १२ मीटरवर कुणी आलंच नाही, त्यामुळे नियम कडक पाळला गेला. बांबोळीकडे पंक्चर झालं. ओल्या रबरात काच पटकन शिरते, हे ज्ञान मला तिथे गुडघ्यावर बसून मिळालं. ताकदीसाठी चाटायच्या महागड्या जेलची पाकिटं निसटून कुठेतरी गेली. खिशात राहिली ती आईनं कोंबलेली शेंगदाण्याची चिक्की. तिनं मला तारलं, पण ते मी घरी कबूल केलेलं नाही.

मग धावणं. दोना पावलाचा चढ गाडीतून दिसत नाही. तो पाऊस आणि पायातले गोळे एकत्र आले की उगवतो. मी चालत होतो, आणि चालण्याला धावणं म्हणत होतो. तेवढ्यात डोक्यावरचा पाऊस थांबला. फक्त माझ्या.

वर बघितलं तर काळं कापड. बाजूला आई. साडी खोचलेली, पायात रबरी चप्पल, माझ्याच वेगानं चालतेय. ६९ वर्षांची बाई माझ्या वेगानं चालतेय, यातलं दुःख मला नंतर कळलं.

शिट्टी फुंकत एक स्वयंसेवक धावत आला. कोवळा मुलगा, घाबरलेला. "मॅडम, बाहेरची मदत चालत नाही, ते बाद होतील."

"मी मदत खंय करतंय?" आई म्हणाली. "मी छत्री धरतंय. धावता तो."

"पण मॅडम, नियम..."

"तुझी आवस खंय आसा? तुका हय पावसात उभो करून घरात बसली?" असं म्हणत तिनं छत्री माझ्यावरून काढली आणि त्याच्या डोक्यावर धरली. पोरगं गप्प झालं. मी भिजत पुढे गेलो. वळून बघितलं तर दोघं छत्रीखाली उभे होते आणि ती त्याला चिक्की देत होती.

८ तास २१ मिनिटांनी मी कमानीखालून गेलो. गळ्यात पदक पडलं. आईनं पदक बाजूला सारून टॉवेल घेतला आणि सगळ्यांसमोर माझं डोकं खसाखसा पुसलं.

रात्री पाय उशीवर ठेवून पडलो होतो. हॉलमध्ये छत्री उघडी करून वाळत टाकलेली, तिच्या मुठीला माझं पदक अडकवलेलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता, सावंतवाडीच्या मावशीशी फोनवर.

"पाऊस खूप होतो गो. पण आमी शर्यत पुरी केली."