सीनियर लिव्हिंगमध्ये राहून बघायला जाताय? मग दोघांनी एकेकट्यानेही राहून बघा

गेल्या काही दिवसांत आमच्या ओळखीतली बरीच जोडपी पुण्याकडची सीनियर लिव्हिंगची, म्हणजे खास ज्येष्ठांसाठी बांधलेली, कॉम्प्लेक्स बघून आली. सगळ्यांचं बघणं साधारण एकाच पद्धतीचं, म्हणजे रविवारी मुलाच्या गाडीतून जायचं, सॅम्पल फ्लॅट बघायचा, क्लब हाऊस बघायचं, कॅरम खेळणारी मंडळी दिसली की बरं वाटून घ्यायचं, तिथल्याच डायनिंग हॉलमध्ये जेवायचं (रविवार म्हणजे पानात गोड असतंच) आणि संध्याकाळी एक्सप्रेसवेने परत. आणि एवढ्या बघण्यावर लोक आयुष्यभराची पुंजी लावतात. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे, पण ज्यांच्या घरात हा विषय चालू आहे त्यांनी वाचाच.

आमचं सांगते. डोंबिवलीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा कित्येक वर्षं चालू आहेत. हे रेल्वेतून रिटायर झाले, मी शाळेतून. ह्यांचे गुडघे आता जिन्याला दाद देत नाहीत, भाजी आणायची तरी मधल्या मजल्यावर थांबून थांबून वर यायचं. मुलगा पुण्यात आहे, त्याचं घर लहान आहे आणि दोन्ही पोरं मोठी होतायत, त्यामुळे त्याच्याकडे कायमचं जाऊन राहायचं नाही हे आम्ही दोघांनी आणि त्याने मिळून, न भांडता ठरवलंय. तर आता जवळच कुठेतरी, त्याला अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल असं बघतोय. आणि आधी राहून बघायचं, मग काय तो निर्णय. बऱ्याच ठिकाणी गेस्ट रूम किंवा रिकामा फ्लॅट थोड्या दिवसांसाठी पैसे घेऊन देतात, जाहिरातीत नसतं कधीकधी पण विचारलं तर देतात. जे राहूच देत नाहीत, नुसतं फिरवून आणतात, ते माझ्या यादीतून गेले.

आता मुद्दा. दोघं मिळून जाऊन राहिलं की कुठलीही जागा बरीच वाटते हो! सकाळचा चहा दोघांचा, फिरायला दोघं, जेवताना समोर आपलंच माणूस, रात्री खोलीत गप्पा. आपण महाबळेश्वरला गेलो तरी असंच असतं. पण ही घरं आपण ज्या वर्षांसाठी घेतोय त्यातली बरीच वर्षं दोघांपैकी एकालाच काढायची आहेत, हे कोणी मोठ्याने बोलत नाही. बहुतेक घरांत मागे बाई राहते, नवरा वयाने मोठा असतो आणि बायकांचं आयुष्य थोडं लांब असतं. म्हणजे हा निर्णय खरं तर मागे राहणाऱ्या माणसासाठी आहे. मग राहून बघायचं तर त्याच्या जागी उभं राहून बघायला नको का? म्हणून आम्ही असं ठरवलंय की सुरुवातीला एक-दोन दिवस दोघं राहू, मग मी मुलाकडे जाईन आणि हे तिथे एकटे राहतील, मग हे जातील आणि मी एकटी राहीन. आणि त्या काळात फोनसुद्धा दिवसातून एकदाच.

हे मी घरात सांगितलं तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, असं कशाला काहीतरी अभद्र?" तिचं मन मला कळतं, पण अभद्र काय आहे त्यात? विमा काढताना नाही का आपण हाच विचार करत? ह्यांनी मात्र लगेच मान डोलावली. ह्यांना चहाच्या पलीकडे काही करता येत नाही, औषधांच्या डब्या मी भरते, तर मी नसताना डायनिंग हॉलमध्ये जाऊन अनोळखी टेबलावर बसता येतं का, की खोलीतच बिस्किटं खाऊन झोपतात, हे मला आत्ता कळायला हवंय. आणि माझं म्हणाल तर मला भीती आहे ती संध्याकाळची. या ठिकाणी रात्रीचं जेवण साडेसात-आठपर्यंत आटपतं. त्यानंतर झोप येईपर्यंतचे दोन-तीन तास एकटीने कसे जातात? कोणी खाली बाकावर बसतं का, की आठ वाजता सगळ्यांची दारं बंद आणि आतून फक्त सिरीयलचे आवाज? दुपारी बारा वाजता येऊन हे कसं कळणार, सांगा.

दुसरं म्हणजे सीझन. सगळे डिसेंबर-जानेवारीत बघायला जातात. पुण्याची थंडी, ऊन कोवळं, बोगनवेल फुललेली, कोणालाही मोह पडेल. आम्ही मुद्दाम आषाढात जाणार आहोत. मुळशी, ताम्हिणीच्या बाजूला किंवा लवासाकडे पाऊस म्हणजे काय असतो ते तिकडून गेलेल्यांना माहितीय, दिवसेंदिवस ऊन नाही, धुकं, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, आणि आमच्या वयात ओल म्हणजे सांधे. तळेगाव, बावधन, पाषाण तुलनेने बरं, पण तिथेही बघायचंय की लाइट गेली की जनरेटर फक्त लिफ्टला आणि पॅसेजला आहे का घरातल्या पंख्यालापण, मोबाइलला रेंज खोलीत येते का गॅलरीत जावं लागतं, आणि पावसात मेन गेटपासून केमिस्टपर्यंत, बस स्टॉपपर्यंत चालत जाता येतं का. हे शेवटचं फार महत्त्वाचं. गेटच्या आत गुळगुळीत वॉकिंग ट्रॅक आणि बाहेर फूटपाथच नाही, हायवेच लागतो, असं असलं तर माणूस आतच अडकतो. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे, पण एसटीपर्यंत पोचता तर आलं पाहिजे ना.

जेवणाबद्दल. आम्ही रत्नागिरीकडचे, मासे खाणारे. बऱ्याच ठिकाणी मेस शाकाहारी असते, त्याला आमची काही हरकत नाही, पण स्वतःच्या किचनमध्ये बांगडा तळला तर शेजारी तक्रार करतात का, नियमात काही आहे का, हे स्पष्ट विचारायचं. लोक लाजतात विचारायला. अरे, उरलेलं आयुष्य काढायचंय तिथे! आणि मेसचं जेवण एक दिवस खाऊन काहीच कळत नाही. मेनू साधारण आठवड्याने फिरतो, त्यामुळे आठवडा पूर्ण खाल्ला पाहिजे, त्यातला मंगळवार-बुधवारचा दुधी आणि पातळ वरण खाल्लं पाहिजे. मीठ कमी मागितलं तर वेगळं काढतात का, पोट बिघडलं तर मऊ भात खोलीत आणून देतात का, त्याचे वेगळे पैसे किती.

मग रात्र. बेडजवळ आणि बाथरूममध्ये अलार्मचं बटण किंवा दोरी असते, ती सगळे अभिमानाने दाखवतात. आम्ही ऑफिसला आधी सांगून, परवानगी घेऊन, रात्री दोन वाजता ती ओढून बघणार आहोत. कोण येतं? नर्स येते का वॉचमन? किती वेळात? त्याच्याकडे दाराची दुसरी किल्ली असते का, कारण आतून कडी लावलेली आणि माणूस बाथरूममध्ये पडलेला, मग काय करणार? ॲम्ब्युलन्स आवारात उभी असते पण रात्री ड्रायव्हर असतो का, का शेवटी १०८ लाच फोन करतात? आणि जवळचं मोठं हॉस्पिटल जवळ म्हणजे किती? नकाशावरचे किलोमीटर मला नका सांगू, संध्याकाळी सहा-साडेसहाला वाकड, हिंजवडी किंवा चांदणी चौकातून स्वतः रिक्षाने जाऊन बघायचं. पॅरालिसिसचा अटॅक आला, म्हणजे मेंदूत गुठळी झाली, तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यात सीटी स्कॅनचाही वेळ जातो. म्हणजे जवळच्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन चोवीस तास आहे का हेपण विचारायचं. आमच्या बाबतीत ह्यांचं रेल्वेचं मेडिकल कार्ड आहे, आत्तापर्यंत कल्याणचं रेल्वे हॉस्पिटल होतं, आता पुण्यातलं रेल्वे हॉस्पिटल आणि त्यांच्या पॅनेलवरची हॉस्पिटलं कुठली आणि त्या जागेपासून किती लांब, हे सगळं आधी बघणार. ज्यांचा मेडिक्लेम आहे त्यांनी कॅशलेसची यादी काढा, सीजीएचएसवाल्यांनी (केंद्र सरकारची आरोग्य योजना) त्यांची.

एक इंचपट्टीपण नेणार आहे मी. हसू नका. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढलेत, त्यात दारं निदान ९०० मिलिमीटर रुंद म्हणजे साधारण तीन फूट हवीत, उंबरा नको, जिना १५०० मिलिमीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना कठडा, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत, निदान एका लिफ्टमध्ये व्हीलचेअर किंवा स्ट्रेचर जायला हवं, बाथरूमचं दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं, असं बरंच आहे. हे दार बाहेर उघडायचं का, तर माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्यावरच अडकतं. नियम नवीन प्रोजेक्टना आहेत, जुन्या कॉम्प्लेक्समध्ये असं असेलच असं नाही, पण आपल्याला काय बघायचं याची आयती यादी मिळते. आणि हे मुद्दे विक्रीच्या करारात यायला हवेत, नुसते ब्रोशरमध्ये नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, जो विचारताना माझीही जीभ अडखळते, पण विचारणार आहे. माणूस अंथरुणाला खिळला, किंवा डिमेन्शिया झाला, तर तुम्ही ठेवता का? बऱ्याच ठिकाणी करारातच असतं की स्वतःचं स्वतः करता येतं तोपर्यंतच. म्हणजे आपण ज्या दिवसाच्या धास्तीने इथे येतोय, नेमका त्याच दिवशी ते म्हणणार की आता दुसरीकडे सोय बघा. काही ठिकाणी असिस्टेड लिव्हिंगचा, म्हणजे ज्यांचं सगळं दुसऱ्याने करावं लागतं त्यांचा, वेगळा विभाग असतो, तर तो आत जाऊन बघायचा, तिथल्या बायका-पुरुषांची नखं कापलेली आहेत का, वास कसा येतो, मावशी त्यांच्याशी बोलतात कशा. नसेल तर बाहेरची ब्युरोची बाई रात्रंदिवस ठेवायला परवानगी आहे का, ती झोपणार कुठे, जेवणार कुठे.

आणि राहाल तेव्हा ऑफिसच्या माणसाशिवाय तिथल्या लोकांशी बोला. नवीन आलेल्यांशी नको, ते अजून खुशीत असतात. पाच-सहा वर्षं झालेल्यांशी, आणि त्यातही जोडीदार गेल्यानंतर तिथेच राहिलेल्यांशी. त्यांना विचारा की तेव्हा कोण धावून आलं, पंधरा दिवसांनंतर कोण आलं, जेवायला कोणत्या टेबलावर बसता. आमच्या ओळखीतल्या एक बाई अशाच एका ठिकाणी राहतात (नाव नको), यजमान होते तोवर त्यांचा चार जोडप्यांचा ग्रुप होता, ते गेल्यावर ग्रुप हळूहळू त्यांना बोलवेनासा झाला. सगळी चांगली माणसं, पण जोडप्यांची सहल असली की एकटीला काय बोलवायचं असं त्यांना वाटतं. पुढे त्याच कॉम्प्लेक्समध्ये एकट्या राहणाऱ्या बायकांनी आपली भिशी आणि वाचन सुरू केलं, आता त्या म्हणतात मी इथून हलणार नाही. पण मधलं वर्ष फार वाईट गेलं त्यांचं. म्हणून मी विचारणार आहे, इथे एकट्या बायका किती आहेत आणि त्या कुठे भेटतात.

पैशाचं थोडक्यात लिहिते. कुठे घर विकत मिळतं, कुठे मोठं डिपॉझिट देऊन राहायचं, कुठे नुसतं भाडं. विकतचं असेल तर आपल्या पश्चात मुलाला वयाच्या अटीमुळे तिथे राहता येईल का, विकायचं तर कोणालाही विकता येतं का आणि ट्रान्सफर फी किती. डिपॉझिट असेल तर ते वारसाला किती महिन्यांत परत मिळतं, त्यातून काय कापतात. महिन्याचा खर्च जीएसटी धरून सांगा म्हणायचं आणि दरवर्षी किती वाढला ते जुन्या रहिवाशांच्या पावत्यांवरून बघायचं. पेन्शन त्या हिशोबाने वाढणार नाहीये. आणि राहतं घर लगेच विकायचं नाही हे मी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. राहून बघितल्यावर आवडलं तरी आधी भाड्याने, एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढायचा, डोंबिवलीचं घर तोपर्यंत लीव्ह ॲण्ड लायसन्सवर द्यायचं. माझी परत यायची वाट बंद करून मी कुठेही जाणार नाही, आणि कोणी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नातेवाइकांचं काय, तर आमच्याकडे अजून "मुलाने वृद्धाश्रमात टाकलं" हेच बोललं जातं. मुलाला त्याचा त्रास होतो, मला दिसतं. म्हणून राहून बघायला जाण्याआधी कोणाला सांगायचं नाही असं ठरवलंय (ही पोस्ट वाचतील ते वाचतील). आधी आपलं मत होऊ दे, मग त्यांचं ऐकू.

आणि एक, तिथून आल्यावर आम्ही दोघं एकमेकांशी बोलायच्या आधी वेगवेगळ्या कागदांवर लिहिणार आहोत. चाळीस वर्षांहून जास्त संसार झाला की एकाने "बरं आहे" म्हटलं की दुसरा आपलं मत गिळतो. मी तर हमखास. इथे ते चालणार नाही, कारण कदाचित मलाच तिथे एकटीला राहायचंय.

तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमची आई, मावशी, काकू अशा कॉम्प्लेक्समध्ये एकट्या राहत असतील तर प्लीज लिहा. पुण्यात अथश्री असो, लवासाचं आशियाना उत्सव असो, नाशिककडचं असो, किंवा कोईमतूरला गेलेले आपले लोक असोत. क्लब हाऊसचे फोटो नकोत. पावसाळ्यातलं आणि रात्री आठनंतरचं लिहा, आणि जोडीदार गेल्यानंतरचं पहिलं वर्ष कसं गेलं ते, सांगावंसं वाटलं तर. इथे नको असेल तर मेसेंजरवर लिहा, मी प्रत्येकाला उत्तर देईन.